मेंदीचं पाणी

शेवंतीनं तोबऱ्यात तोंड घातलं, भरड्याचा वास घेतला आणि तोंड काढून घेतलं. रामकिशननं तोबरा पुन्हा पुढं केला. तिनं मान फिरवली.

"नखरे करून राहिली," तो म्हणाला. "उद्या मालकाच्या घरचा परण्या हाय, ठाव हाय तिला."

लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीला जातो, तो परण्या. भेंडटाकळीत नवरदेव कुठल्याही आळीचा असो, त्याचा परण्या शेवंतीवरच निघायचा. दुधासारखी पांढरी घोडी, माळेगावच्या बाजारात शिंगरू असताना घेतलेली. वाजंत्री सुरू झालं की आपसूक पाय उचलायची. गावात दुसरी घोडी नव्हती आणि तिला धरणारा दुसरा माणूसही नव्हता. रामकिशनचा आजा गावातली मेलेली ढोरं ओढायचा. छप्पनला दीक्षा घेतली आणि त्यानं दोर टाकून दिला. "आज्यानं दोर टाकला, नातवानं लगाम धरला," हे वाक्य रामकिशन दर चौदा एप्रिलला म्हणायचा. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं, तरी दर वर्षी टाळ्या पडायच्या.

एक गोष्ट तो त्या दिवशी सांगत नसे. मारुतीचा पार जवळ आला की तो पायातल्या चपला काढून काखेत मारायचा. नवरदेवाचे मित्र बूट घालून नाचत असायचे. त्याला चपला काढ असं कुणी म्हणत नव्हतं, आणि राहू दे असंही कुणी म्हणत नव्हतं.

विशाखा पळण्याचा सराव करून आली होती. रामकिशनची ही एकुलती लेक पोलीस भरतीच्या तयारीला लागली होती. रोज सकाळी ती लोहा गावाच्या रस्त्यानं पळायची आणि शेवंती मोकळी तिच्या बरोबरीनं दौडायची. गेल्या काही दिवसांत घोडी मागं राहायला लागली होती. आज तर ओढ्यापाशी उभीच राहिली आणि विशाखाला तिला चालवत आणावं लागलं.

"बाबा, हिचा कान बघा. तव्यावानी तापलाय."

"मे महिना हाय. तुझा बघ, तुझाबी तापलेला असंल."

"मागचे पाय सुजलेत."

"नवी नाल ठोकली, म्हणून."

"चारी पायाला ठोकली ना? मग सूज दोनालाच कामून?"

रामकिशन खरारा घेऊन घोडीच्या पाठीवर चालवायला लागला. शेवंतीच्या कातडीवरून थरथर गेली आणि थांबली, पुन्हा गेली.

"लोह्याला नेऊ. डॉक्टरीण चांगली हाय म्हणतेत," विशाखा म्हणाली.

"डॉक्टरीण काय म्हणंल? आराम द्या म्हणंल. मग मालकाला काय सांगू? तुमच्या पोराला मोटारसायकलवर मारुतीला न्या?"

चुलीपाशी बसलेली चांगुणा हे ऐकत होती. बाई तशी कमी बोलायची, पण बोलली की कापायची. "सांगा की," ती म्हणाली. "तोंड हाय ना तुमाला."

"जबान दिली हाय, चांगुणे."

"जबान तुमी दिली. नाचायचं तिला हाय."

रामकिशन खरारा आपटून बाहेर गेला. माणसाला आपली चूक कळली की तो असाच वस्तूंवर राग काढतो. चूक नुसती उद्याची नव्हती, मागचीही होती. उद्याचा नवरदेव अवधूत, किशनराव मालकाचा पोरगा. त्याच्या कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, कार्यक्रमालाही घोडी मिरवायची ठरली होती, आणि किशनरावानं ती आठवडाभर आधीच आपल्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यावर, आणून बांधायला सांगितली. मधल्या दिवसांत गावात दुसरं एक लग्न होतं. आपल्या पोराच्या आधी ती दुसऱ्याच्या पोराखाली नको, एवढंच कारण. रामकिशननं आधी कुरकुर केली. पण आखाड्यावर गेल्यावर त्यानं जागा पाहिली. वर पत्रा, खाली फरशी, भिंतीत लोखंडी कडी, गव्हाणीला रंग दिलेला. किशनरावानं दोन वर्षांपूर्वी माळेगावहून काळा घोडा आणला होता, त्याची ही जागा. घोडा गेल्या दिवाळीत विकला, म्हणाले होते.

"मालकाच्या घोड्याच्या जागी आपली शेवंती बांधली," घरी येऊन त्यानं चांगुणाला सांगितलं होतं, आणि दोनदा सांगितलं होतं.

त्या आठवड्यात त्याला आखाड्यावर थांबू दिलं नाही. गुरुबसप्पा, किशनरावाचा सालगडी, बघेल म्हणाले. घोडी परत आली तेव्हा तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला आणि शेपटीखाली गोचीड चिकटलेली होती. विशाखानं दिसली तेवढी उपटून टाकली. गोचीड जनावराला असायचीच, असं रामकिशन म्हणाला. आणि त्याच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून कुणी पुढं विचार केला नाही.

दुपारी मेंदी कालवली. परण्याच्या आदल्या दिवशी शेवंतीला मेंदी लावायची, हा त्या घरचा रिवाज. चारही पाय गुडघ्यापर्यंत, शेपटीचं टोक, आयाळीची किनार. पांढऱ्या अंगावर ती लालचुटूक उठून दिसायची आणि फोटोवाले खूश व्हायचे. चांगुणा एका बाजूनं, विशाखा दुसऱ्या बाजूनं बसली. एरवी शेवंतीला गुदगुल्या व्हायच्या, ती पाय झटकायची, चांगुणाच्या पदराला ओढ द्यायची. आज तिनं पाय उचललाच नाही. उभ्या उभ्या डोळे मिटत होती.

"माय, ही झोपून राहिली," विशाखा म्हणाली.

चांगुणानं मेंदीचा हात घोडीच्या नाकपुडीपाशी धरला. श्वास गरम होता आणि जलद होता. "उद्याचा दिवस पार पडू दे, बाई," ती घोडीला म्हणाली. "मग तुला कुणाच्याच परण्याला न्हाई न्यायचं."

सकाळी शेवंतीखालचा कडबा लाल झालेला होता. गोठ्यातल्या जमिनीच्या उतारावरून लाल पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला होता.

विशाखानं आधी पाहिलं. तिनं रामकिशनला हाक मारली. तो आला, वाकला, बोट लावून पाहिलं.

"मेंदीचं पाणी," तो म्हणाला. "रात्रीतनं उतरलं."

"मेंदी कालच वाळली. पाय कोरडे हायेत, बघा की."

"मुतली असंल, तिच्यात मेंदी भिजली."

"बाबा, भिजली असती तर पायावरनं उतरली असती. ती तशीच हाय."

"विशाखा." त्यानं नुसतं नाव घेतलं. त्याच्या आवाजात दम नव्हता, विनवणी होती, आणि विशाखाला त्याचाच जास्त राग आला. दम असता तर ती भांडली असती. रामकिशननं बादलीभर पाणी ओतून सारं धुऊन काढलं, आणि ते पाणी अंगणातल्या लिंबाच्या मुळाशी जिरून गेलं. डोळ्यांसमोर होतं ते त्यानं स्वतःच्या हातानं धुतलं.

परण्या दुपारी निघाला. उन्हानं डांबर पाघळलं होतं. शेवंतीवर जरीची झूल, गोंडे, कपाळावर आरशाचा पट्टा, पायात घुंगरू. सजवलेली घोडी दुरून राजासारखी दिसते. झुलीखाली काय चाललंय ते लगाम धरणाऱ्यालाच कळतं. रामकिशनच्या हाताला तिच्या मानेचा ठोका लागत होता. तो मोजता आला नसता इतका भरभर पडत होता. विशाखा दुसऱ्या बाजूनं चालत होती. बापाकडं बघत नव्हती.

पुढं डीजेची गाडी. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होती. किशनराव पांढऱ्या कपड्यात, डोक्याला फेटा, मुलीकडच्या पाहुण्यांच्या मधून चालत होता. सरपंचकी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण चाल तीच राहिली होती. व्याही नांदेडचे, बँकेतले मोठे साहेब. त्यांना घोडीचं नाचणं दाखवायचं होतं.

"रामकिशन, नाचव की. का मयतीला चाललाव?"

रामकिशननं जीभ टाळूला लावून इशारा दिला. शेवंतीनं पुढचा पाय उचलला. ठेवताना तो वाकडा पडला. तिनं दुसरा उचलला. घुंगरू वाजले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिच्या तोंडाला फेस आला होता आणि झुलीच्या कडेनं घाम थेंब थेंब गळत होता.

वर बसलेला अवधूत खाली वाकला. पोरगं पुण्याला नोकरी करणारं, गावाकडचं फारसं न उरलेलं. "काका, ही थरथरतीये," तो म्हणाला. मग बापाला ओरडून म्हणाला, "पप्पा, मी उतरतो. हिला बरं नाही."

"बसून राहा," किशनराव म्हणाला. "मारुतीच्या आधी नवरदेवाचा पाय जमिनीला लागत नसतो."

"मालक," रामकिशन म्हणाला. हा शब्द त्यानं एवढ्या वर्षांत किती वेळा म्हटला असेल. "मालक, सीधं चालत नेऊ द्या. नाचायची ताकद न्हाई तिच्यात."

"पैसे नाचायचे ठरले की चालायचे?" किशनराव हसून म्हणाला. पाहुणेही हसले. मग त्यानं बाजूच्या पोराच्या हातातली छडी घेतली आणि शेवंतीच्या पुढच्या गुडघ्यावर मारली. जोरात नाही. रागानंही नाही. बिघडलेल्या टीव्हीला थापट मारावी तशी मारली.

शेवंती नाचली. पारापर्यंत नाचली. जनावराचं इमान असं असतं, आणि ते पाहून लाज माणसांना वाटायला पाहिजे, पण तिथं सगळे मोबाईल वर धरून उभे होते.

पारासमोर ती थांबली. मागचे पाय फाकवले आणि मुतली. झुलीखालून लाल, काळपट लाल धार पडली. सिमेंटच्या रस्त्यावर पसरली आणि देवळाच्या पायरीकडं गेली. डीजे चालू होता, पण पुढची पोरं नाचायची थांबली.

"अगं माय, रगत हाय," कुणी म्हातारी म्हणाली.

मग शेवंतीनं गुडघे टेकले. मित्रांनी अवधूतला वरच्या वर खांद्यावर उचललं आणि देवळात नेलं. त्याचा पाय जमिनीला लागला नाही. रिवाज पाळला गेला.

डीजे बंद झाला. किशनरावानं व्याह्याकडं पाहिलं, देवळाच्या पायरीकडं पाहिलं, आणि मग रामकिशनकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"रामकिशन, तेवढं धुऊन घे. देवळापुढं हाय."

किशनरावाचं घर पाराला लागूनच. तिथून निळी बादली आली, खराटा आला. रामकिशननं लगाम विशाखाच्या हातात दिला. चपला काखेत होत्या, त्या खाली ठेवल्या. आपल्या घोडीचं मूत त्यानं गावासमोर धुतलं. पायरीपाशी वाकून, नखानं कोपऱ्यातलं खरडून धुतलं. पाहुणे एक पाऊल मागं सरले, चपला भिजू नयेत म्हणून. दोन पोरं शूटिंग करत होती. पोलीस भरतीला उंची बघतात, छाती बघतात, पळणं बघतात. अशा वेळी गप्प राहण्याची परीक्षा कुणी घेत नाही. विशाखा घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

धुणं झाल्यावर रामकिशन बादली परत द्यायला ओट्याशी गेला. किशनरावाची बायको दारातच होती, हिरव्या शालूत.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "न्या तुमच्याकडंच. आता कशाला घरात."

इतक्या गोड आवाजात म्हणाली की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईनं दान दिलं.

धम्मानंद, शेजारचा पोरगा, छोटा हत्ती टेम्पो चालवायचा. त्यानं शेवंतीला फळ्या लावून गाडीत चढवली आणि संध्याकाळच्या आत लोह्याच्या दवाखान्यात आणली. मागं हौद्यात रामकिशन आणि विशाखा, मधे घोडी, पायापाशी निळी बादली. ती कुणी गाडीत ठेवली ते कुणालाच आठवत नव्हतं.

डॉक्टर सौदामिनी बाई घरी निघाल्या होत्या. घोडी पाहून त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. खालचा ओठ ओढून पाहिला. हिरड्या पिवळ्या पडल्या होत्या, हळद लावल्यासारख्या. कानातून रक्ताचा थेंब घेऊन त्या आत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या इंजेक्शन भरतच आल्या.

"लघवी लाल कधीपासून?"

रामकिशननं घोडीच्या मानेवर हात ठेवला. "सकाळी... मेंदीचं पाणी वाटलं, बाई."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं असं रामकिशनला वाटलं. "गोचीड ताप आहे," त्या म्हणाल्या. "गोचीड चावते, तिच्या लाळेतून जंतू रक्तात जातात. तांबड्या पेशी फुटतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. औषध आहे याला. पण अशा जनावराला पायरीही चढवायची नसते, आणि तुम्ही..." त्यांनी घुंगरांकडं पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

त्यांनी कानाच्या आत बोट घालून पाहिलं. कानाच्या वळणात, जिथं खरारा पोचत नाही, तिथं गोचिडींचा थर बसला होता. एक चिमट्यानं ओढून काढली. एरंडीच्या बी एवढी, फुगलेली.

"ही कुठं बांधली होती?"

"घरीच असती, बाई. मधी आठवडाभर किशनराव मालकाच्या आखाड्यावर होती. घोड्याच्या जागी."

बाईंचा चिमटा हवेतच राहिला. "त्या जागी?" त्या म्हणाल्या. "पत्र्याखाली, कडीला?"

"हाव. घोडा विकला ना त्यानी."

"विकला नाही. दिवाळीत मेला. याच तापानं मेला, मी तिथंच होते. मी किशनरावांना बजावून सांगितलं होतं, ही जागा मोकळी ठेवा, भेगा लिंपा, फवारा मारा. ही गोचीड उपाशी कितीतरी महिने भिंतीत बसून राहते. पुन्हा घोडा बांधू नका."

दवाखान्याच्या आवारात कुत्रं भुंकत होतं. रामकिशनला त्या गव्हाणीचा रंग आठवत होता.

"मग गावाला कामून न्हाई सांगितलं?" विशाखानं विचारलं.

"मालकाला सांगितलं होतं. वाटलं, तेवढं पुरे."

"सगळ्यांना तेच वाटतंय," विशाखा म्हणाली. "मालकाला सांगितलं की झालं. मालकानं सांगितलं की झालं." हे म्हणताना ती डॉक्टरकडं बघत नव्हती. बापाकडं बघत होती.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सलाईन लावलं, उद्या घरी येऊन पुन्हा इंजेक्शन देते म्हणाल्या, आणि निघताना सांगितलं, "एवढ्या अशक्त जनावराला औषधानं अंघोळ घालता येणार नाही. हातानं काढा. चिरडू नका, मिठाच्या पाण्यात टाका."

घरी आल्यावर चांगुणानं निळ्या बादलीत पाणी घेतलं, मीठ ओतलं आणि ती बसली. तिघंही बसली. कान, मांड्या, शेपटीखाली, आयाळीच्या मुळाशी. एक उपटायची, बादलीत टाकायची. काही हातातच फुटायच्या. चांगुणाच्या तळहाताला मेंदी होती, त्यामुळं रक्त कुठलं आणि मेंदी कुठली ते कळत नव्हतं. बादलीतलं पाणी हळूहळू लाल होत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुबसप्पा लसणघासाचा भारा घेऊन आला. उदगीरकडचा माणूस, अर्धं आयुष्य किशनरावाच्या आखाड्यावर काढलेला. भारा ठेवला आणि दारातच उकिडवा बसला.

"मामा, घोडा मेला का विकला?" विशाखानं विचारलं.

त्यानं जमिनीवर रेघ ओढली. "मेला. जेसीबीनं विहिरीमागं पुरला. मालक म्हणले, विकला म्हणायचं. पुढाऱ्याचा घोडा गोचिडीनं मेला म्हणल्यावर लोक हसतील म्हणले."

"हसतील." विशाखानं तो शब्द तोंडात धरला. "लोक हसतील म्हणून आमची घोडी तिथं बांधली?"

"फवारा आणायचा विसरूनच गेले. मी एकदा बोललो, तर म्हणले, त्याच्या घोडीला काय होतंय, ती काय जातिवंत हाय?"

"मग तुमी आमाला येऊन सांगायचं होतं."

"पोटाला बांधलेला माणूस हाय मी, पोरी."

"घोडीबी तिथंच बांधली होती, मामा."

गुरुबसप्पानं उठताना शेवंतीच्या मानेवर हात ठेवला आणि तो गेला. शेवंतीनं त्याच्या घासाच्या चार काड्या खाल्ल्या. त्या दिवशी तेवढंच खाल्लं तिनं, आणि घरात तेवढ्यानंही सण झाल्यासारखं झालं. रामकिशननं चहा मागितला. चांगुणानं साखर जास्त टाकली.

डॉक्टर बाई रोज येत होत्या. रोज हिरड्या बघायच्या आणि रोज कमी बोलायच्या. रक्त उरलंच नाही, म्हणाल्या. त्या दुपारच्या नाचानं काळजावर घेतलं. आठवडा संपायच्या आत, सकाळी, रामकिशन तोबरा घेऊन गेला तेव्हा शेवंती आडवी होती. डोळा उघडा होता. पायाची मेंदी अजून ताजी होती, लग्नाला निघाल्यासारखी.

रामकिशन रडला नाही. तो तिच्याजवळ बसला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला. एका हातानं, मग दुसऱ्या हातानं. "मेंदीचं पाणी," म्हणायचा आणि मारायचा. चांगुणानं त्याचे दोन्ही हात धरले.

"बस करा," ती म्हणाली. "तुमचं तुमी मारून घेतलं. मालकाच्या तोंडात कोण मारणार?"

वस्तीतली माणसं जमली. ओढ्याकाठच्या रामकिशनच्या तुकड्यात खड्डा खणला. कुणीतरी जुना सोल, जाड दोरखंड, आणला, घोडीच्या पायाला बांधायला. रामकिशननं तो हातातून हिसकावला आणि कुडापलीकडं फेकला.

"दोर लावायचा न्हाई," तो म्हणाला. "आमच्या घरात दोर न्हाई."

मग जरीची झूल अंथरली. दहा-बारा जणांनी शेवंतीला तिच्यावर सरकवलं, झुलीच्या कडा धरून, फळ्यांवरून, धम्मानंदाच्या गाडीत चढवलं. झूल अर्ध्यात फाटली, तरी कुणी सोडली नाही. मातीआड करताना चांगुणानं घुंगरू काढून घेतले नाहीत.

माती लोटून झाल्यावर विशाखा उठली. तिच्या डोळ्यात जे होतं ते पाहून धम्मानंद बाजूला झाला. "मी जाते," ती म्हणाली. "त्याच्या दारात जाऊन विचारते."

"तू न्हाई," रामकिशन म्हणाला. "तुझं भरतीचं हाय, केस करतील. आन् धुतलं म्या होतं."

त्यानं हात धुतले नाहीत. घरी आला, गोठ्याच्या कोपऱ्यातली निळी बादली उचलली, वर फडकं बांधलं आणि निघाला.

किशनरावाकडं सत्यनारायण होता. नवी नवरी, नवरदेव, व्याही, जिल्ह्यातली चार मोठी माणसं. ओट्यावर सतरंजी, पुढं रांगोळी, केळीचे खांब. चपलांचा ढीग पाराच्या बाजूला. रामकिशन पारासमोरून आला. चपला पायातच होत्या. तसाच ओट्याच्या पायऱ्या चढला, तेव्हा पहिल्यांदा लोकांचं लक्ष त्याच्या पायाकडं गेलं, आणि मग हातांना लागलेल्या मातीकडं.

"काय रे रामकिशन?" किशनराव म्हणाला. "घोडीचं कळलं. वाईट झालं. नंतर ये, बघू काहीतरी."

"बघायचं काही न्हाई. बादली द्यायला आलो."

"ती तुला दिली होती ना?"

"तुमची हाय. ठेवून कसं चालंल." त्यानं फडकं सोडलं. "आन् हे बी तुमचंच हाय. तुमच्या आखाड्यातलं. माझ्या घोडीच्या अंगावर राहिलं होतं."

त्यानं बादली उलटी केली. लाल पाणी रांगोळीवरून, सतरंजीच्या कडेवरून पसरलं आणि त्याबरोबर फुगलेल्या गोचिडी, मूठ मूठ, घरंगळत पाहुण्यांच्या पायांशी गेल्या. नवरीनं पाय वर घेतले. व्याही उभा राहिला.

"भेऊ नका पाव्हणं," रामकिशन म्हणाला. "मारून आणल्यात. दुसऱ्याच्या घरात जित्या सोडायची आमच्याकडं चाल न्हाई. ह्यांचा घोडा विकला न्हाई. ह्याच गोचिडीनं मेला. विहिरीमागं पुरलाय. त्याच्या जागी माझी घोडी बांधली, ठाव असून बांधली. मग तुमच्यापुढं नाचवली."

"पप्पा?" अवधूत म्हणाला.

किशनरावाचं तोंड लाल झालं, मग पांढरं झालं. तो काही बोलायला गेला आणि व्याह्याकडं बघून थांबला. रामकिशननं रिकामी बादली त्याच्यासमोर ठेवली.

"किशनराव," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. "तेवढं धुऊन घ्या. देवळापुढं हाय."

आणि वळला. मागून किशनराव ओरडला, रामकिशनवर नाही, अंगणात उभ्या असलेल्या गुरुबसप्पावर. "बघत काय राह्यलास? पाणी आण, खराटा घे!"

गुरुबसप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं ओट्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं.

"ढोरांना वैरण टाकायची ऱ्हायली, मालक," तो म्हणाला आणि आखाड्याच्या वाटेला लागला.

रामकिशन घरी आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. विशाखा खुंट्यापाशी बसली होती. चांगुणानं तांब्या आणला आणि त्याच्या हातावर पाणी घातलं. माती सुटून गेली. तिच्या तळहाताची मेंदी मात्र गडद होती, आणखी आठ-पंधरा दिवस उतरायची नव्हती.

"धुतलं का त्यानी?" तिनं विचारलं.

"ठाव न्हाई," रामकिशन म्हणाला. "म्या मागं बघितलं न्हाई."